पंधराव्या मिनिटानंतर

४ फेब्रुवारी

ठकू,

वर 'प्रिय' लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, झालं नाटक सुरू. 'सप्रेम नमस्कार' लिहिलं असतं तर आपण दोघी एखाद्या सोसायटीच्या कमिटीवर असल्यासारखं वाटलं असतं. म्हणून नुसतंच ठकू. तीन वर्षांत हे नाव तोंडातून निघालेलं नाही, पेनातून निघतंय का बघते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. जावईबापूंनी मला फोन केलेला नाही. मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आमच्या प्रयोगशाळेच्या फोनवर तर मुळीच केलेला नाही. त्यामुळे माझी नात अडीच महिन्यांची झाली, हे मला माहीत असायचं कारण नाही. तू तिला दूध पाजतेस, दुपटी बदलतेस, परत पाळण्यात ठेवतेस आणि ती रडायला लागली की दाराच्या चौकटीत उभी राहून नुसती बघत राहतेस, हेही माहीत नाही. 'माझ्यात काहीतरी बसवायचंच राहिलंय' असं तू त्यांना म्हणालीस म्हणे. जावईबापू लिफ्ट दुरुस्त करतात, तेव्हा निदान त्यांना कळेल अशा भाषेत बोललीस, याचं मला बरं वाटलं. म्हणजे, माहीत असतं तर वाटलं असतं.

माझं म्हणशील तर तीच नोकरी, तेच उंदीर. पिंजऱ्यांतला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, कोण व्यायली ते लिहायचं, आणि प्रयोग असेल तेव्हा हातात घड्याळ घेऊन बसायचं. एकोणीस वर्षं झाली. पगार वाढला तेवढाच नंबरही वाढला, चष्म्याचा.

तीन वर्षांपूर्वी तुझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा हॉस्पिटलातून तुला घरी न्यायला मी अकराऐवजी तीनला आले. तू टॅक्सी करून निघून गेली होतीस. मी फोन केला तर म्हणालीस, 'उंदरांकडे वेळेवर जातेस ना? मग त्यांचीच आई हो.' आणि फोन ठेवलास तो ठेवलासच. त्या दिवशी खरंच एक चाचणी चालू होती. पण मी ती दुसऱ्या कुणावर सोपवू शकले असते, हेही खरं. हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली, तेव्हा पुन्हा वाच.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहायची पद्धत आहे. पण मला चालणार नाही.

तुझी, कागदोपत्री तरी, आई

१९ फेब्रुवारी

ठकू,

उत्तर मिळालं. अख्ख्या कार्डावर एक ओळ: 'त्यांना म्हणावं, फोन करायचा तर माझ्यासमोर करा.' तुझा निरोप पोचवला. ते म्हणाले, 'तिच्यासमोर करायची हिंमत असती तर तुम्हाला कशाला केला असता?' माणूस चांगला आहे. सांभाळ.

आता उंदरांचं ऐक. कंटाळा आला तर मधली पानं सोड, लहानपणी धड्यांची सोडायचीस तशी.

सध्याचा प्रयोग असा आहे. गाभण उंदरणींना अफूच्या कुळातलं एक वेदनाशामक औषध देतात. पिल्लं झाली की त्याच दिवशी ती तिथून काढून दुसऱ्या, औषध न घेतलेल्या उंदरणींच्या कुशीत ठेवतात. का, तर पोटात काय झालं आणि मांडीवर काय झालं, हे वेगळं काढता यावं म्हणून. त्यातल्या माद्या मोठ्या होतात. त्यांना स्वतःला औषधाचा थेंबही दिलेला नसतो. त्यांना पिल्लं झाली की माझं काम सुरू होतं.

काम सोपं आहे. घरट्यातून आठ पिल्लं उचलायची आणि पिंजऱ्याच्या लांबच्या टोकाला पसरून ठेवायची. घड्याळ चालू. आई एकेकाला तोंडात धरून घरट्यात परत नेते. धडधाकट उंदरीण चार-पाच मिनिटांत आठही पिल्लं गोळा करते आणि वर 'हा काय चावटपणा' अशा नजरेनं माझ्याकडे बघते. पंधरा मिनिटांत केली नाहीत तर मी पिल्लं परत घरट्यात ठेवायची आणि तक्त्यात 'नाही' लिहायचं.

पिल्लं रडतात, पण ते रडणं आपल्या कानांना ऐकू येत नाही, इतकं बारीक असतं. यंत्राच्या पडद्यावर नुसत्या रेघा उमटतात. पहिली दोन वर्षं मी त्या रेघा बघत डबा खायची. नंतर डबा बाहेर खायला लागले.

उंदरांना नावं द्यायची नाहीत असा नियम आहे, म्हणून ४१७ला मी ४१७च म्हणते. तिच्या आईला औषध दिलं होतं. काल तिची पहिली चाचणी झाली. पिल्लं पसरल्यावर ती त्यांच्यापर्यंत गेली, एकाला हुंगलं, मागे सरली आणि पिंजऱ्याच्या मध्ये उभी राहिली. नुसती बघत. पंधरा मिनिटं. मी 'नाही' लिहिलं.

आमच्या प्रमुख बाईंना मी टक्केवारी म्हणते, अर्थात मनात. माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत. नवऱ्याशी भांडण झालं तरी साठ टक्के चूक माझी होती असं सांगतील. त्या दर भाषणात म्हणतात की उंदरांचे निष्कर्ष माणसांना लावायचे नसतात, आणि पुढच्याच वाक्यात लावतात.

मी लावत नाही. उगाच सांगितलं.

आता ते खोकल्याचं औषध. तू विसरली नसशीलच. घरात तीन बाटल्या आणि खोकला कुणालाच नाही. शाळा सुटल्यावर तू पायरीवर बसलेली असायचीस, सगळी मुलं गेलेली, आणि शिपाईकाका तुला वहीत चौकोन काढायला शिकवत असायचे. मी यायचे पाच वाजता, कधी साडेपाच. तोंडाला गोड वास. 'बस चुकली' म्हणायचे. त्या रस्त्यावर दर दहा मिनिटांनी बस होती, आणि तुला आकडे वाचता यायला लागले होते.

ते औषध मी तू तीन वर्षांची असताना सुरू केलं आणि तू अकरा वर्षांची असताना सोडलं. ही गोष्ट आपण कधी मोकळेपणी बोललो नाही. आज बोलले.

आई

२ मार्च

ठकू,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

बाकी सगळं खरं आहे. शिपाईकाका, चौकोन, बस. फक्त 'तीन वर्षांची' खोटं आहे. खोटं बोलताना आजूबाजूला भरपूर खरं रचायचं, म्हणजे मधलं दिसत नाही. हे तंत्र माझं आहे; तुझ्यात उतरलं नसावं अशी आशा आहे.

तू पोटात होतीस तेव्हा, चौथा महिना. खोकला खरा होता, एवढा की बरगड्या दुखायच्या. तुझे बाबा बोटीवर, आठ-आठ महिने. डॉक्टरांनी त्याच अफूच्या कुळातल्या औषधाची एक बाटली लिहून दिली आणि म्हणाले, अगदीच असह्य झालं तर एक चमचा. असह्य व्हायला मला दोन दिवस पुरले. बाटली संपली, खोकलाही संपला. पण त्या चमच्यानं नुसता खोकला थांबत नव्हता. रिकामं घर, न येणारी पत्रं, तू आतून मारलेल्या लाथा, सगळंच लोकरीत गुंडाळल्यासारखं व्हायचं. कोपऱ्यावरचा औषधवाला चिठ्ठी न बघता द्यायचा. उलट काळजीनं विचारायचा, 'ताई, अजून बरा नाही का खोकला?' मी त्याच्यासमोर खोकून दाखवायची. सातव्या महिन्याचं पोट घेऊन, दुकानात, खोटं खोटं खोकणारी बाई. आज आठवलं की हसू येतं. लगेच जातं.

तू झालीस तेव्हा फार थरथरायचीस. नर्स म्हणाली, थंडी वाजत असेल. मी म्हटलं, हो, थंडीच. बाहेर पंखे चालू होते.

डॉक्टरांना सांगितलं नाही. तुझ्या बाबांना नाही. तुला अठ्ठावीस वर्षं नाही. आमच्याकडे पोट वेगळं, मांडी वेगळी काढता येते. तुझं काय वेगळं काढणार? पोटही माझंच होतं आणि मांडीही माझीच.

आता हे का सांगते? दोन कारणं आहेत. पहिलं थोर आहे: तुझ्यात काही बसवायचं राहिलं असेल तर ती चूक कारखान्याची आहे, तुझी नाही. दुसरं तेवढं थोर नाही. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलींच्या तक्त्यात 'नाही' लिहितेय, आणि माझ्या मुलीचा तक्ता मीच लपवून ठेवलाय.

४१७ दुसऱ्या चाचणीतही उभीच राहिली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे जा, ठकू. त्यांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल. खरंच चालेल.

आई

२८ मार्च

ठकू,

परवा फोनवर तू काय बोललीस ते तुला आठवत असेलच. मला काय ऐकू आलं ते लिहिते. दोन्ही एकच असेल असं नाही.

मी ४१७ची तिसरी, म्हणजे शेवटची चाचणी, तिच्या दुसऱ्या वेताच्या पिल्लांवरची, लावून नुकतीच बसले होते. तांबडा दिवा, आठ पिल्लं पसरलेली, घड्याळ चालू. चौथ्या मिनिटाला बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. चाचणी चालू असताना उठायचं नाही. एकोणीस वर्षांत मी उठलेली नाही. अपेंडिक्सच्या दिवशीसुद्धा. पण त्या फोनवर दुपारी एकला एकच माणूस फोन करतो, आणि तोही तुझं काही झालं असेल तरच करेल, म्हणून उठले.

आणि तू होतीस.

'म्हणजे मी तुझी ४१७,' तू म्हणालीस. ना हॅलो, ना काही.

मी म्हटलं, 'तसं मी लिहिलेलं नाही.'

'लिहायचं बाकी काय ठेवलंस? डॉक्टर म्हणतायत, बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना होतं, याला औषध आहे, पाजताना चालणारी गोळी आहे. मी पाकीट फोडलेलं नाही. कपाटात ठेवलंय. का माहितेय? तुझ्यासारखी व्हायचं नाही मला!'

मग आपण भांडलो. तुला वाटत असेल पाच मिनिटं भांडलो. तीन वर्षांचं साचलेलं होतं. तू पायरी काढलीस, मी तुझ्या बाबांना काढलं, तू म्हणालीस त्यांना मध्ये आणू नकोस, ते आधीच फार लांब आहेत. त्यावर मला हसू आलं आणि तुला राग आला. शेवटी मी एवढंच म्हणू शकले, की मी लपवून घेतलं आणि तू विचारून घेशील. बाटली आणि गोळीत फरक असेल-नसेल, ते डॉक्टर जाणोत, पण या दोन बायकांत फरक आहे. मागे बाळ रडत होतं. तुझ्या नाही, माझ्या लक्षात आलं की ते मघापासून रडतंय. तू म्हणालीस, 'ठेवते.' फोन म्हणालीस की बाळ, तेही विचारता आलं नाही.

परत आत आले तेव्हा घड्याळावर त्रेपन्न मिनिटं झाली होती.

पिल्लं जागेवर नव्हती. पहिल्यांदा वाटलं, संपलं. घाबरलेली उंदरीण पिल्लांचं काहीही करू शकते. मग कोपऱ्यात बघितलं. ४१७ घरट्यात पसरून बसली होती आणि तिच्या पोटाखाली आठ होती. मी दोनदा मोजली. एक पिल्लू उलटं होतं, पाय वर, डोकं भुशात. कामात सफाई म्हणून नव्हती. पण आठ होती.

ठकू, मी खुर्चीत बसले आणि मला काहीच लिहिता येईना. तक्त्यात दोनच रकाने आहेत, 'हो' आणि 'नाही'.

आई

१७ एप्रिल

ठकू,

तुझं कार्ड मिळालं. 'पाकीट फोडलं. त्या दिवशी ठेवते म्हणाले ते फोनला.' एवढ्या लहान कार्डावर एवढं मोठं मी आजवर वाचलेलं नाही. गुण यायला काही आठवडे लागतात असं डॉक्टर म्हणाल्या असतील. लागू देत.

मी टक्केवारींकडे जाऊन चूक सांगितली. चाचणी सोडून फोनवर होते, त्रेपन्न मिनिटं झाली.

'बाद,' त्या म्हणाल्या. 'शंभर टक्के बाद.'

'कबूल. पण बाई, पंधराच मिनिटं का?'

'म्हणजे?'

'वीस का नाही? चाळीस का नाही?'

'मला माझ्या सरांनी पंधरा शिकवलं.'

'आणि त्यांना?'

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. 'त्यांच्या घड्याळाचा गजर पंधरा मिनिटांचा असेल,' म्हणाल्या. माझ्यासमोर त्या पहिल्यांदा टक्केवारी न वापरता बोलल्या.

मग मी त्यांना जुने तक्ते काढून दाखवले. प्रत्येक 'नाही'पुढे माझी सही. पंधरावं मिनिट झालं की मी हात घालून पिल्लं घरट्यात परत ठेवलेली. त्यातल्या किती जणी सोळाव्या मिनिटाला निघाल्या असत्या, आता कोण सांगणार? त्या जिथे जायला धीर गोळा करत होत्या, तिथून मीच पिल्लं काढून घेतली. आणि वर शेरा मारला.

बाईंनी तासाभराची चाचणी मंजूर केली. औषधवाल्या आयांच्या बारा मुली अजून व्यायच्या होत्या. त्या सगळ्यांची झाली. मी उठले नाही, फोन वाजला नाही. हे दुसरं मला तेवढं आवडलं नाही.

बारांपैकी तिघींनी पंधरा मिनिटांच्या आत गोळा केली. सहा जणींनी नंतर: कुणी बावीस, कुणी एकतीस, एकीनं अठ्ठावन्न मिनिटं घेतली आणि शेवटच्या दोन मिनिटांत धावपळ करून सगळी नेली, परीक्षेत तू करायचीस तशी. तिघींनी शेवटपर्यंत केली नाहीत. हे तिघींचं गाळून तुला लिहिणार होते. लिहून खोडलं आणि परत लिहिलं. माझ्या 'खऱ्या'ची किंमत तुझ्या लेखी काय आहे ते मला माहीत आहे, म्हणून यापुढे पूर्ण मापानं देणार.

त्या तिघींची पिल्लं शेजारणींना दिली. शेजारणींनी कुरकुर न करता घेतली.

उंदरांचे निष्कर्ष माणसांना लावायचे नसतात. पण उंदरांचं घड्याळ माणसांना लावायचं नाही, एवढं तरी मी लावणार.

एक विचारू? नाही म्हणालीस तरी चालेल. (या वेळी खरंच.) मी येऊ का? बाळाला सांभाळायला नव्हे, तो अधिकार मला नाही. तू सांभाळशील तेव्हा शेजारच्या खोलीत असावं कुणीतरी. कुरकुर न करता.

आई

३ मे, सकाळी नऊ

ठकू,

तुझ्या कार्डावर 'शनिवारी अकरा, उशीर करशीलच' असं आहे. मी साडेसातला आलेय. बेल वाजवलेली नाही. अकराला बोलावलंय तर अकरा. तुझ्या इमारतीच्या खालच्या पायरीवर बसलेय आणि हे पिशवीवर कागद ठेवून लिहितेय, म्हणून अक्षर असं. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, हातातच देईन.

पायरी फार गार असते, हे मला माहीत नव्हतं. दगडाची असते ना, उन्हाळ्यातही गार. तू कधी बोलली नाहीस. तुझ्या शाळेची तर सावलीत होती. दीड तास बसून माझी कंबर धरलीय. तू सहा वर्षांची होतीस.

आठला जावईबापू हत्यारांची पिशवी घेऊन उतरले. मला बघून इतके दचकले की पिशवी पडली. म्हणाले, 'वर चला ना, अहो, काय हे!' मी म्हटलं, 'अकराला बोलावलंय.' त्यांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वाद घातला नाही. म्हणाले, दोन गल्ल्या पलीकडे लिफ्टमध्ये एक गृहस्थ अडकलेत, त्यांना काढायला चाललोय. म्हटलं, जा, ते माझ्याहून घाईत असतील. जाताना म्हणाले, 'बाळ रडल्यावर परवा तिनं दोनदा उचलून घेतलं. काल एकदाही नाही.' मी म्हटलं, बरं. दुसरं काही म्हणायचं नसतं अशा वेळी, हे मी उशिरा शिकले.

घड्याळ घरी ठेवून आलेय. वेळ रस्त्यापलीकडच्या शाळेच्या घड्याळावरून कळतेय. तिथल्या फाटकाशीही पायऱ्या आहेत, शनिवार असल्यामुळे रिकाम्या.

तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी आहे. बाळ रडायला लागलंय. हे रडणं मात्र चांगलं ऐकू येतं, त्याला यंत्र लागत नाही. आवाज तुझाच आहे, हुबेहूब, मध्येच श्वास घ्यायला थांबून परत वरच्या पट्टीत. मी उठून उभी राहिले. मग परत बसले. वर धावत यायचं आणि हात घालायचा, हे मी पुष्कळ केलंय.

सवयीनं मनात मोजत होते. साठ. एकशे वीस. तू दारात उभी असशील. उभी राहा. दोनशे. तीनशेच्या पुढे आकडा चुकला आणि मी पुन्हा एकपासून सुरू केलं नाही. शाळेच्या घड्याळाकडे पाठ करून बसलेय.

थांबलं.

उचक्या ऐकू येतायत, आधी खिडकीपाशी, मग आत, मग परत खिडकीपाशी. उचक्या येरझाऱ्या घालतायत. जावईबापू दोन गल्ल्या पलीकडे आहेत आणि घरात दुसरं कुणी नाही.

अकराला बेल वाजवेन. पण बाळ खांद्यावर झोपलं असेल तर दार उघडायची घाई करू नकोस. मी पायरीवरच आहे. सावकाश.

आई